वस्तीवर जाणारा फोन

शालन अक्कांचं दुकान आता नाही. गाळा आहे, शटर आहे, पण आत बेकरी चालते, असं मेढ्याहून आलेल्या एकानं सांगितलं. मी पाहायला गेलेलो नाही.

मेढ्याच्या एसटी स्टँडसमोरच्या ओळीतलं ते चौथं दुकान. दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढी रुंदी. कोपऱ्यात काचेची उभी केबिन होती, एसटीडी बूथच्या काळातली. मी पाहिली तेव्हा तिच्यात मोबाईलची कव्हरं टांगलेली असत. जागा अडते, काढून टाका, असं प्रत्येक कंपनीचा माणूस सांगून गेला होता. अक्का म्हणत, "ऱ्हाऊ द्या की. हितं निम्म्या जावळीच्या बायका रडल्यात."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. तालुक्यातल्या घराघरातला एक माणूस फौजेत. अक्कांचे यजमानही सुभेदार. त्या काळी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी डोंगरावरच्या वस्त्यांतून बायका उतरून बूथबाहेर बसायच्या आणि जम्मूहून, आसामातून फोन येण्याची वाट पाहायच्या. लाईन तुटली की अक्का काचेबाहेरून खूण करायच्या, "थांब, परत लागंल." दहा वर्षं त्यांनी हे काम केलं. मोबाईल आल्यावर बूथ बंद झाला आणि त्याच जागेत त्या मोबाईल विकायला लागल्या. फोन कशासाठी असतो याबद्दल त्यांचं मत मात्र बूथमध्येच पक्कं झालं होतं आणि ते त्यांनी कधी बदललं नाही.

सुभेदार निवृत्त होऊन आले तेव्हा काही दिवस गल्ल्यावर बसले. मग त्यांना शेतावर पाठवण्यात आलं. कारण विचारल्यावर अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "गिराईकाला सावधान उभं करत्यात."

माझी त्यांची ओळख एका हॉटेलात झाली. मी तेव्हा एका दैनिकाच्या सातारा कार्यालयात वार्ताहर होतो. एका मोबाईल कंपनीनं जिल्ह्यातल्या दुकानदारांचा मेळावा ठेवला होता आणि कंपनीची जाहिरात आमच्याकडे येत असल्यामुळे मला बातमीसाठी धाडलं होतं. शंभरेक पुरुष आणि पुढून दुसऱ्या रांगेत एकच बाई. नऊवारी नव्हे, साधी सहावारी, नाकावर उतरलेला चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. व्यासपीठावर कंपनीचे विभागीय अधिकारी देसाई होते. ते सांगलीचे. माणूस बोलका, मनानं वाईट नव्हे. त्यांनी पडद्यावर एक त्रिकोण दाखवला. तळाला स्वस्त फोन, मध्ये मधले, टोकाला लाखाच्या पुढचा. मग टोकाच्या फोनची वैशिष्ट्यं सांगितली, त्यात एक असं की याला सात वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळत राहतील.

अक्का उभ्या राहिल्या. "सायेब, आन् तळच्याला?"

"त्याला दोन वर्षं."

"म्हंजी गरिबाचा फोन लवकर म्हातारा व्हतो व्हय?"

हॉल हसला. देसाईही हसले. अक्का हसल्या नाहीत. उत्तर येईल म्हणून त्या आणखी थोडा वेळ उभ्याच होत्या. नंतर बसल्या. जेवणाच्या वेळी मी त्यांच्यापाशी जाऊन नाव, गाव विचारलं. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी जिवा. पेपरवाल्याला कोण वाढतंय घरी?"

त्यानंतर मेढ्याकडे काम निघालं की मी त्यांच्या दुकानात टेकायचो. पुढं पुढं काम नसतानाही जायला लागलो.

हा धंदा मला अक्कांनी शिकवला. कंपन्यांच्या पत्रकांत जे दहा पानांत असतं ते त्या काउंटर पुसता पुसता सांगायच्या. एकदा मी विचारलं, एकाच कंपनीचे वीस-वीस मॉडेल कशाला? एकमेकांपासून हजार-दीड हजारांनी वेगळे, बाकी सगळे सारखे दिसतात.

"साडीच्या दुकानात गेलाय का कवा बायकूबरुबर?"

"गेलोय."

"त्यो पैला शालू उलगडतोय. तुमी म्हनता, बाबा, ह्यो न्हाई झेपनार. मग त्यो मधली दावतोय. ती लगीच स्वस्त वाटाया लागती. आवं, महाग फोन ह्या काचंत इकायला ठिवल्यालाच न्हाई. मधल्याला स्वस्त दावायला ठिवलाय."

"आणि सगळ्यात स्वस्त?"

"त्यो बी इकायला न्हाई. त्यो दारातनं आत वडायला. जाहिरातीत त्याची किंमत बघून मानूस येतो. मग तेला सांगायचं, ह्येच्यात जागा कमी हाय, हजार टाका. हजार टाकलं की सांगायचं, क्यामेरा भारी पायजे तर अजून हजार. पायऱ्या हायती. चढवायचा मानूस."

"तुम्ही चढवता?"

त्यांनी फडकं पिळलं. "मी निम्म्यास्नी उतरवती."

ते खरं होतं, मी पाहिलं आहे. पुण्याला कंपनीत लागलेला भिलारे आडनावाचा एक मुलगा आईसाठी फोन घ्यायला आला. खिशात पहिला पगार. त्याला टोकाचाच फोन हवा होता. अक्कांनी तो हातात दिला नाही. आई राहते कुठं, घर डोंगराच्या अलीकडच्या अंगाला की पलीकडच्या, जुन्या फोनवर बोलायला ती कुठं उभी राहते, हे विचारलं. मग त्यांनी ती गोष्ट केली जी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि जी पुढे माझ्या हातून छापली गेली.

दुकानातल्या मांडणीवर काही चालू फोन वायरीनं बांधून ठेवलेले असतात. त्यांना डेमो म्हणतात. गिऱ्हाइकानं हाताळून पाहावेत म्हणून ते कंपनी देते आणि ते दुकानाबाहेर न्यायचे नाहीत, असा कंपनीचा सक्त नियम असतो. अक्कांनी दोन डेमो वायरीतून सोडवले, एक टोकाचा आणि एक तळातला. घरी शिवलेल्या कापडी बटव्यात घातले आणि त्या मुलाला म्हणाल्या, "दोन दिस वस्तीवर घिऊन जा. तुज्या आयचं कार्ड आलटून पालटून दोन्हीत घाल. घरात, गोठ्यात, पान्याला जाती तिथं, समदीकडं लावून बघ. ज्येच्यात तू पुन्याहून लागशील त्यो तिचा फोन."

"आक्का, महागाचा नाही लागणार व्हय?"

"मला काय इचारतूस? डोंगराला इचार."

दोन दिवसांनी तो परत आला. टोकाचा फोन, धातूच्या कडांचा, गोठ्याशी मुका झाला होता. तळातला, प्लास्टिकच्या पाठीचा, तिथंही बोलत होता. शिवाय आईचं म्हणणं असं की महागाचा साबणासारखा निसटतोय. त्यानं तळातला घेतला. उरलेल्या पैशात काय घेऊ, विचारलं तर अक्का म्हणाल्या, "रजा घी. मैन्याला एक चक्कर मार."

सगळे फोन असेच सगळीकडे वागतात, असं अक्का कधी म्हणाल्या नाहीत. कुठल्या वस्तीवर कुठलं मॉडेल धरतं, हे त्यांनी रिकाम्या खोक्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. काही ठिकाणी महागाचाच चालायचा. तिथं त्या महागाचाच घ्यायला लावायच्या, आणि का ते सांगायच्या. त्या खोक्यांची उतरंड म्हणजे जावळी खोऱ्याचा नकाशाच होता. तसा नकाशा कंपनीकडे नव्हता, मोबाईलचे टॉवर उभारणाऱ्यांकडेही असेल का, शंका आहे.

फोन परत यायचे. सगळे. कधी धुराचा वास घेऊन, कधी बटव्याबरोबर फणसाचे गरे घेऊन. एकदा देसाई मांडणी तपासायला आले असताना मी तिथं होतो. त्यांनी डेमो उघडला. त्यात परदेशी शहराच्या उंच इमारती दिसाव्यात अशी कंपनीची व्यवस्था असते. त्याऐवजी काळं काहीतरी दिसलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"म्हस हाय."

"ते दिसतंय मला. हिचे बावीस फोटो आहेत."

अक्कांनी चष्मा वर करून पाहिलं. "इकायची आसंल. गिराईकाला धाडायला काडलं आसत्याल." मग सहज विचारल्यासारखं, "चांगलं आल्यात न्हवं? तुमच्या जाहिरातीत घाला."

देसाईंनी फोटो पुसून टाकले आणि चहा घेतला. त्यांना माहीत होतं. मेढ्यासारख्या ठिकाणी त्यांचा माल साताऱ्यातल्या दुकानांच्या बरोबरीनं खपवणारं दुसरं दुकान नव्हतं, आणि अक्कांच्या दुकानातून गेलेला फोन तक्रार घेऊन परत येत नसे. म्हणून ते कागदावर काही आणत नसत. हा त्या दोघांमधला न बोललेला करार होता. तो न बोललेला होता म्हणूनच टिकून होता, हे वेळेत माझ्या लक्षात आलं नाही.

मी लेख लिहिला. कंपन्या स्वस्तातल्या आणि महागातल्या गिऱ्हाइकाला कसं वेगवेगळं वागवतात, हा विषय. शालू, पायऱ्या, लवकर म्हातारा होणारा फोन, सगळं त्यात होतं. लिहिण्याआधी मी अक्कांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लिवा. पर माझं नाव नगं. त्या देसायाला तरास व्हईल." स्वतःला होईल, असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

नाव मी घातलं नाही. गावही नाही. 'जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एक दुकानदार' असं लिहिलं. पण पुढे डेमो वस्तीवर पाठवण्याची पद्धत लिहिली, कापडी बटवा लिहिला, काचेची केबिन लिहिली, खोक्यांवरच्या पेन्सिलीच्या नोंदी लिहिल्या. आमच्या कार्यालयात नेमकेपणाला फार मान होता. मोघम लिहिणाऱ्याची कॉपी परत यायची. मी मोघम लिहिणारा नव्हतो. लेख रविवारी पहिल्या पानावर सुरू होऊन आतल्या पानावर गेला. शीर्षक उपसंपादकानं दिलं होतं, लाखाचा फोन डोंगरात मुका, असं काहीसं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयातून फोन आला. बोलणाऱ्यानं आधी लेखाचं कौतुक केलं. मग म्हणाला, "त्या बाई मेढ्याच्याच ना?"

मी लेखात 'बाई' असं कुठंही लिहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "माझी सूत्रं मी सांगत नसतो." हे योग्य उत्तर होतं. पण ते देताना मी हसलो. ओळखलंत की, अशा अर्थाचं ते हसू होतं. आपण रेखाटलेला माणूस कुणीतरी लगेच ओळखतो याचा त्यात आनंद होता. फोनवर माणूस दिसत नाही, हसू ऐकू येतं.

त्या आठवड्यात मी मेढ्याला गेलो. मांडणी रिकामी होती. वायरींची टोकं लोंबत होती. कंपनीची माणसं येऊन डेमो, फलक, सगळं घेऊन गेली होती आणि पुढचा माल थांबवला होता. अक्का काउंटरवर कव्हरं लावत बसल्या होत्या. लेखाचं पान त्यांच्यासमोर घडी करून ठेवलेलं.

"वाचलंत?"

"सुभेदारांनी वाचून दावलं. मग मी परत वाचलं. चांगलं लिवलंय." त्यांनी एक कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं. "नाव झाकलंत. पर माझ्या चपला दाराम्होरं ठिवल्यासा."

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते मला आठवत नाही, आणि इतर इतकं सगळं नेमकं आठवत असताना तेवढंच आठवू नये, याचा अर्थ मला कळतो. माफी मागितली नव्हती, एवढं नक्की. अक्कांनी चहा मागवला.

त्या लेखामुळे मला सांगली कार्यालयात मुख्य वार्ताहर म्हणून पाठवण्यात आलं. दोन-अडीच महिन्यांनी तिथं अक्कांचा फोन आला. "पेपरवाले, मी उद्या सांगलीला येनार. त्या देसायानं बलिवलंय. माल चालू करतो म्हनतोय. मला तिथलं कुनी वळखीचं न्हाई. तुमी याल का संगट?"

देसाईंचं कार्यालय माधवनगर रस्त्याला होतं, कंपनीच्या वितरकाच्या गोदामावर. अक्का पहाटेच्या गाडीनं निघाल्या होत्या, तरी साडीची घडी मोडलेली नव्हती. जिना चढताना त्यांनी मला एकच सांगितलं. माल चालू झाला तर दुकान ऱ्हाईल. नाहीतर दिवाळीपर्यंत.

देसाई उठून उभे राहिले, खुर्ची दिली. ते मनापासून अवघडलेले दिसत होते. "मॅडम, माझ्या हातात असतं तर हे झालंच नसतं. वरून अडलंय. पण मार्ग काढलाय मी." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "यावर सही करा. पुढच्या आठवड्यात माल सुरू. डेमोसुद्धा."

अक्कांनी चष्मा नाकावर घेतला आणि ओळीखाली बोट धरून वाचलं. मीही वाचलं. सदर लेखातील मजकूर माझ्या दुकानास लागू नाही. मी डेमो फोन कधीही दुकानाबाहेर दिलेला नाही. वार्ताहराने माझ्या बोलण्याचा विपर्यास केला आहे. प्रत आमच्या संपादकांना जाणार होती, तसं खाली लिहिलं होतं.

"इपर्यास म्हंजी?" अक्कांनी मला विचारलं.

"बदलून लिहिणं. खोटं लिहिणं."

"तुमी खोटं लिवलं हुतं का?"

"नाही."

"मंग ह्येच्यावर म्या सही क्येली तर तुमचं काय व्हईल?"

देसाई खिडकीबाहेर पाहायला लागले. खाली टेम्पोत खोकी चढवत होते, त्यांचा आवाज येत होता. मी विचार केला. संपादक खुलासा मागतील. माझ्याकडे अक्कांच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण होतं, त्यामुळे नोकरी जाणार नव्हती. नवीन जागा कदाचित गेली असती, कदाचित नाही. हे सगळं मनाशी मोजून मी म्हणालो,

"थोडा त्रास होईल."

ते वाक्य अचूक होतं. त्यात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता. काही होणार नाही, बिनधास्त करा, एवढं खोटं त्या क्षणी पुरलं असतं. त्यांच्यासाठी ते बोलायला मला दोन सेकंद लागली असती. मी खरं बोललो, कारण मला त्याची सवय होती आणि कारण ते माझ्या सोयीचं होतं. यातलं कुठलं कारण आधीचं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

अक्कांनी कागदाची घडी घातली, चार बोटांनी दाबली आणि तो देसाईंच्या बाजूला ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, सायेब."

"मॅडम, विचार करा. फक्त कागद आहे."

"कागुदच हाय की. पर ह्या मानसानं खरं लिवलंय. मी फोन धाडत हुती वस्तीवर. बावीस फोटू तुमीच पुसल्यात." मग थोडं मऊ होऊन, "तुमची नोकरी हाय, मला ठावं हाय. तुमी वाईट वाटून घिऊ नगा."

देसाईंचं सांत्वन त्यांनीच केलं. मग पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाल्या.

रिक्षातून आम्ही स्टँडवर आलो. मी जेवायचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, भाकरी हाय पिशवीत. साताऱ्याची गाडी लागलेलीच होती. त्यांना डाव्या बाजूची खिडकी मिळाली. मी खाली उभा राहिलो. आता बोलायला हवं होतं आणि मी वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

पलीकडून कुणीतरी मोठ्यानं बोलत असावं, डोंगरातून बोलणारा माणूस मोठ्यानंच बोलतो. अक्का म्हणाल्या, "न्हाई रं बाबा, माज्याकडं न्हाई यायचा आता त्यो. तू साताऱ्याला जा." मग त्यांनी साताऱ्यातल्या एका दुकानाचं नाव, रस्ता, खूण सांगितली. "आन् आईक. आत गेल्या गेल्या कंपनीच्या टीशर्टवाल्या पोरासंगट बोलू नगंस, त्यो महागाचाच गळ्यात घालतोय. मालकाला गाठ. पोरीच्या शाळंसाठी पायजे म्हन, निस्ता फोन पायजे म्हनू नगंस. ती म्हनत्याल, ह्यो संपलाय, ह्यो घ्या. तू म्हनायचं, मी थांबतो. बसून ऱ्हायचं. पानी मागायचं. संपल्याला फोन आतनं निगतो..."

कंडक्टरनं घंटा दिली. अक्का फोनवर तेच पुन्हा समजावत होत्या, या वेळी अधिक सावकाश, कारण पलीकडच्या माणसाला ते लिहून घ्यायचं होतं. गाडी मागं आली, वळली, माझ्यासमोरून गेली. खिडकीतून त्यांचा चेहरा दिसला. तो फोनमधल्या माणसाकडे लागलेला होता.

त्यांनी मला हात केला नाही. एका हातात फोन होता आणि दुसऱ्यानं त्यांनी मांडीवरची पिशवी धरली होती. दोन्ही हात अडकलेले होते. मी ते नीट पाहिलं आहे.